सत्याप्पाची शेवटची भिंत

हुबळीच्या कमरीपेठेत पारूअक्काला ओळखत नाही असा माणूस विरळा. शाळेत आया म्हणून हयात काढली. किती पोरांची नाकं पुसली, तिचं तिलाच ठाऊक. घर बांधलं तेव्हा न्हाणीच्या भिंतीला फरशा बसवल्या तिच्या नवऱ्यानं, सत्याप्पा गवंड्यानं. त्यानंतर त्याचे हात थरथरायला लागले आणि थापी सुटली ती सुटलीच. नेमकी त्याच भिंतीला ओल आली, म्हणून लोकेश प्लंबरला बोलावलं.

"आधी बघणार, मग फोडणार," लोकेश म्हणाला. भिंतीवरून तळहात फिरवला, सांधे चाचपले, संडासाच्या फ्लश टाकीत रंग टाकून तो खाली भांड्यात झिरपतो का पाहिलं, तर नाही. मग गच्चीवरच्या टाकीत पाण्याच्या पातळीला खूण केली आणि वरूनच ओरडला, "अक्का, नळ बंद हाय न्हवं?"

"बंद हाय की!"

चहा झाला. लोकेश पुन्हा वर जाऊन आला तो तोंड पाडूनच. "पाणी उतरलंय. भिंतीतला पाइप गळतोय, अक्का. फरशा फोडाव्या लागतील."

सत्याप्पा उठला आणि दाराकडे तोंड करून बसला. पारूअक्का त्याच्या पाठीकडे बघत राहिली. "फोड बाबा," ती कशीबशी म्हणाली.

लोकेशनं छिन्नी टेकवली, आणि थांबला. "शेवटचं विचारतो हं. समदे नळ बंद केलेत न्हवं?"

"मी कशी बंद करू रे? कार्पोरेशनवाले सोडतात, तेच बंद करतात. परवा नळ येऊन गेला, आता लवकर येतोय कशाला!"

लोकेशनं कपाळावर हात मारला. आमच्या बोलीत पाणी येत नाही, नळ येतो. आणि हुबळीतच वाढलेला हा गडी तेच विसरला! "अय्यो अक्का, मी तोट्यांचं विचारतोय!"

"मग तोटी म्हण की, मेल्या! मागची चालू हाय. चिमण्यांसाठी डोणीत धार सोडते मी."

मागं जाऊन बघतात तर दगडी डोणी भरून वाहतेय आणि पाणी न्हाणीच्या भिंतीच्या बुडात मुरतंय. तोटी बंद केली. पुन्हा खूण, पुन्हा चहा. या खेपेला पाणी हललं नाही.

"डोणी लांब सरकवा. भिंत वाळेल आपोआप," लोकेश म्हणाला.

"दुसरा असता तर फोडून मोकळा झाला असता रे," पारूअक्कानं हात जोडले.

सत्याप्पा न्हाणीत जाऊन भिंतीच्या फरशांवर हात ठेवून उभा राहिला. बऱ्याच वेळानं बाहेर आला आणि लोकेशचा खांदा धरला. "ऊटा माडि होगप्पा," म्हणाला, आणि अक्काकडे वळला, "झुणका टाक. जेवल्याबिगर सोडायचा न्हाई ह्याला."