भाऊजींची मोठी दुर्बीण

आमचे धाकटे भाऊजी सटवाजीच्या घरावरून कधी घोड्यावर बसून गेले नाहीत. वळणावरचा कडुनिंब आला की रिकिबीतून पाय काढायचे, खाली उतरायचे आणि लगाम हातात धरून, मान खाली घालून तेवढा रस्ता पायी जायचे. मग चिखल असो की फुफाटा. घर मागे पडलं की पुन्हा स्वार. नव्या माणसाला वाटे, घोडाच बुजतो. जुनी माणसं त्या वेळी दुसरीकडे बघत. मीही बघायची. दिराची लाज ती घरातल्या बायकांचीही लाज, आणि ती पदराखाली झाकता येत नाही.

मी शिरड शहापूरला नांदायला आले तेव्हाचे भाऊजी असे नव्हते. यांचे हे धाकटे भाऊ म्हणजे घरातलं वारं. ‘एकच घ्यावं, पण सगळ्याला चालावं’ हा त्यांचा मंत्र. एकाच चाकूने ऊस सोलायचे, त्यानेच आंबा कापायचे आणि त्यानेच घोड्याच्या खुरातला खडा काढायचे. आंबा मी खात नसे तो यामुळे. कचेरीला, लग्नाला, शिकारीला एकच कोट. नणंदेच्या लग्नात अक्षतांच्या वेळी त्या कोटाला बंदुकीच्या दारूचा वास येत होता. रायफलही तशीच, एकच. डुकराला तीच, हरणाला तीच, आणि कधी बिबट्या वासराला धरू लागला तर त्यालाही तीच. ज्वारी निसवली की रानडुकरं शिवारात शिरत आणि रातोरात पीक लोळवून जात. कुणी दारात येऊन “मालक, डुकरं शिरलीत” म्हणालं की भाऊजी ताटावरून उठायचे. गावाला कधी नाही म्हणाले नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे.

रायफलीच्या नळीच्या टोकावर माशी, म्हणजे नेमाची बारीक खूण, असते आणि मागे खाच. दोन्ही जुळवून नेम धरायचा. भाऊजींचे डोळे तिशीतच जरा मंदावले आणि माशी त्यांना धूसर दिसू लागली. तेव्हा रायफलीवर दुर्बीण बसवायचं खूळ डोक्यात शिरलं. विलायती दुकानाचं चित्रांचं पुस्तक मागवलं. मी तांदूळ निवडत असले की समोर येऊन ते पसरायचे. “वहिनी, ही लहान की ही मोठी?” मी म्हणाले, “हलकी असेल ती घ्या.” त्यावर हसून म्हणाले, “ही काय पाटल्यांची निवड आहे?” मी म्हणाले, “पाटल्या तर मी जडच घेतल्या असत्या.”

शेवटी स्वतः हैदराबादला गेले. तिथल्या बंदूकवाल्या मियाँची ते पुढे हुबेहूब नक्कल करून दाखवायचे. “सरकार, एकीच बंदूक सब कामां को रखना है तो छोटी लेओ. बडी में दूर का दिखता, बाजू का नै दिखता.” नक्कल संपली की म्हणायचे, “घ्यायची तर लहान कशाला घ्यायची? सहापट मोठं दाखवते ही!” आणि मोठीच घेऊन आले. तीही कायमची बसवून, इतकी घट्ट, की खालची माशी पार झाकून गेली. दुर्बीण असताना माशी हवी कुणाला, असा सवाल.

आल्या दिवशी माळवदावर गाव जमलं. भाऊजी एकेकाला दुर्बिणीला डोळा लावायला सांगायचे, “औंढ्याच्या देवळाचं शिखर दिसतं की नाही?” औंढा कुठे, आम्ही कुठे! मला एका निंबाचा शेंडा दिसला आणि त्यावरचा कावळा. तरी मी “दिसलं” म्हणाले. सटवाजी तर सगळ्यांच्या वरताण निघाला. “व्हय मालक, कळस बी दिसून राहिला!” भाऊजींच्या जमिनीला लागूनच त्याची जमीन, भाऊजींवर त्याचा फार जीव. भाऊजींचं तोंड त्या दिवशी इतकं फुललं होतं की खोटं बोलल्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

त्याच वर्षी भाद्रपदात सटवाजी दारात आला. त्याच्या ज्वारीत डुकरं होती. सकाळपासून भुरभुर चालू. पोरं डबे वाजवत एका बाजूने हाका घालत आली, भाऊजी बांधावर बसले. डुकरं उलट फिरताहेत असं वाटून सटवाजी त्यांना भाऊजींकडे वळवायला वाकून ज्वारीत शिरला. अंगावर पावसाची काळी घोंगडी, डोक्यावरून खोळ करून घेतलेली. भाऊजींना दुर्बिणीत काळी राठ पाठ हलताना दिसली. तेवढीच दिसली.

त्याला बाजेवर घालून आमच्या ओसरीवर आणलं. गोळी उजव्या खांद्यातून गेली होती. भाऊजी खांबाला धरून उभे होते आणि एकच म्हणत होते, “काळं दिसलं, वहिनी. नुसतं काळं दिसलं.” सटवाजी वाचला, पण हात गेला. म्हणजे जागेवर होता, पण नुसता लोंबता.

पोलिसांचा अमीन आला. सटवाजीने बाजेवरूनच जबाब दिला, “मालकाची काय बी गलती न्हाई, साहेब. बंदूक मीच हाती घेतली व्हती, बघावं म्हून. माझ्याच हातून उडाली.” अमीनाने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी तोंड उघडलं, तेवढ्यात थोरल्यांनी, म्हणजे यांनी, त्यांचा दंड दाबला. भाऊजींनी तोंड मिटलं. गोळी चुकून लागली. पण ते मिटलेलं तोंड चुकून मिटलं नव्हतं. भाऊजी जन्मभर जळले ते त्या मिटलेल्या तोंडापायी. दंड दाबणारा हात माझ्याच घरधन्याचा होता, म्हणून मला अजून मान वर करून हे सांगता येत नाही.

त्यानंतर सटवाजीच्या रानात पहिला नांगर भाऊजी स्वतः धरू लागले. मालकाने कुळासारखं राबावं याची घरात कुजबुज झाली. त्यांनी ती ऐकली नाही. रायफल पंच्यात गुंडाळून खुंटीला टांगली. माफी मात्र त्यांना कधी मागता आली नाही. सटवाजी समोर आला की “पाऊसपाणी बरंय” म्हणायचे आणि थांबायचे. आणि सटवाजीची बायको दरसाल ज्वारीची पहिली कणसं आमच्याच उंबऱ्यावर ठेवून जायची. ती घेताना माझे हात जड व्हायचे.

निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी हत्यारं चावडीवर जमा करायचा हुकूम आला. सटवाजीची लेक बाळंतपणाला आली होती, तिच्यासाठी मी डिंकाचे लाडू घेऊन गेले होते. इतक्यात भाऊजी आले, पायीच, रायफल खांद्याला. कडुनिंबाखाली थांबले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या अंगणात आले. म्हणाले, “सटवाजी, ही आज चालली.” रायफल खांद्यावरून उतरवली.

सटवाजीने रायफलीकडे बघितलं. “मालक, एकडाव बघू द्या की. त्या दिवशी म्या कसा दिसून राहिलो व्हतो ते.”

भाऊजी पुढे झाले. वळणीवरची घोंगडी ओढली, खोळ करून डोक्यावर घेतली आणि घरामागच्या ज्वारीत जाऊन वाकून उभे राहिले. रायफल रिकामी होती. सटवाजीच्या एका हाताला ती पेलेना, म्हणून दस्ता मी धरला. त्याने बराच वेळ डोळा लावला. मग माळवदावर ओरडला होता तसाच ओरडला, “डुक्करच दिसून राहिले की मालक! काहून जीवाला लावून घेता? कुणी बी मारलं असतं!”

ज्वारीत घोंगडी हलली. मी डोळा लावला. खरंच, आधी नुसती काळी लोकर दिसली, काठोकाठ. मग माझ्या हातातला दस्ता हलला, नळी बोटभर बाजूला सरकली आणि खोळ धरलेला भाऊजींचा हात दिसला. माणसाचा हात, अगदी स्वच्छ.

“वैनीसाहेब,” सटवाजी हळूच म्हणाला, “असू द्या.”

भाऊजी बाहेर आले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मला काही विचारलं नाही. सटवाजीसमोर वाकून त्यांनी त्याचा तो लोंबता हात दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला आणि अमीनापुढे जे बोलायचं राहिलं होतं ते बोलले, “म्या मारलं, सटवाजी. तू न्हाई.”

मग चावडीकडे निघाले. मी मागोमाग होते. उतरायला त्या दिवशी घोडा नव्हता. कडुनिंबाखाली येऊन भाऊजींनी पायातल्या वहाणा काढल्या आणि हातात घेतल्या.