कापलेली बावीस मिनिटं

आमची पवित्रा काय करते, हे मला अजून एका वाक्यात सांगता येत नाही. छत्तीस वर्षांची आहे. सिनेमे काढते, पण ते थिएटरात लागत नाहीत. दुसऱ्यांचे सिनेमे आणि लग्नाचे व्हिडिओ कापते, त्याला संकलन म्हणायचं. आणि आठवड्यातून तीन दिवस एका कॉलेजात तासिका तत्त्वावर हेच सगळं शिकवते, म्हणजे आणखी वीस घरांतल्या आयांची झोप उडवायची सोय करते.

तिला पहिलं स्थळ आलं तेव्हा मुलाच्या आईनं विचारलं, "सिनेमात म्हणजे हिरोईन?" मी म्हटलं, "नाही, दिग्दर्शक." बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. हिरोईन चालली असती, असं मला आजही वाटतं.

खरं तर कोल्हापुरात सिनेमाचं कुणाला अप्रूप नाही. इथं घरटी एक आजोबा कधीतरी मावळा होऊन पडद्यावरून पळत गेलेले असतात आणि घरचे अजून सांगतात, "डावीकडून चौथा, ढाल उलटी धरलेला." आमचे सासरे तर एकाच लढाईत दोन्ही बाजूंनी मेले. त्यामुळे सिनेमा घराण्यातच आहे, असं पवित्राचं म्हणणं. तिच्या वडिलांचं, म्हणजे भरमाप्पांचं म्हणणं वेगळं. त्यांचं शिरोली एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर होणार म्हणून त्यांनी केबिनमध्ये दुसरी खुर्ची आणून ठेवली होती. पवित्रानं दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं. त्या खुर्चीवर आता जुने कॅटलॉग बसतात.

कापाकापी ती एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे शिकली. पहिलंच मोठं काम म्हणून माझ्या पुतण्याचं लग्न हाती घेतलं. आपल्याकडं लग्नात फेटे बांधायचे असतात. कुणाला आधी, कुणाला नंतर, कुणाला कुणाच्या हातून, हे सगळं मानाप्रमाणे ठरलेलं. व्हिडिओतही ते त्याच क्रमानं आणि पूर्ण दिसायला लागतं. पन्नास मिनिटं नुसते फेटे होते. पवित्रानं ते वीस सेकंदांत उरकले.

"सगळे फेटे सारखेच दिसतात, अव्वा," असं तिचं स्पष्टीकरण.

आमचे चुलत सासरे घरी आले, टीव्हीला नाक लावून उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यात मी कुठं हाय ते दाव. मला नुसता माझा कान दिसतोय." पुढं दोन वर्षं ते आमच्या घरचं पाणी प्याले नाहीत. त्या वेळी तिनं आणि मी दोघींनी शहाणं व्हायला हवं होतं. मी झाले.

आता तिच्या सिनेमाबद्दल. त्याचं नाव 'नाव घालून मिळेल'. माझी थोरली बहीण शांतादेवी हिचं कोडोलीत भांड्यांचं दुकान आहे. आमचं माहेर कानडी वळणाचं, म्हणून पवित्रा मला अव्वा म्हणते आणि तिला दोड्डव्वा, थोरली मावशी. दाजी गेल्यावर चाळीस वर्षं शांतादेवीनं एकटीनं दुकान चालवलं. आहेराच्या भांड्यांवर नाव घालायचं मशीन ती स्वतः चालवते. कुणाकडून, कुणाला, तारीख. गावात तिचं अक्षर नसलेला डबा सापडायचा नाही. पवित्रा तीन वर्षं कॅमेरा घेऊन तिच्या दुकानात बसली.

एक दिवस शांतादेवी म्हणाली, "माझं एक बोलणं घे." दोन दिवस कागदावर तयारी केली, इरकल नेसली, खुर्चीवर बसली आणि बावीस मिनिटं नावं घेतली. दाजी गेल्या रात्रीपासून आजपर्यंत जे जे तिच्या पाठीशी उभे राहिले, त्या सगळ्यांची. मानाप्रमाणे, एकही न गाळता. मग दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटली, "तुझं नाव घेतलंय की सिनेमात."

सिनेमा पहिल्यांदा कोडोलीतच दाखवायचा ठरला. पंधरा दिवस आधी मी सहज विचारलं, "दोड्डव्वाचं बोलणं साधारण कधी येतं?"

"येत नाही."

"म्हणजे?"

"काढलं. सगळा सिनेमा तिच्या हातांचा आहे आणि मध्येच ती मतदार यादी वाचते. सिनेमा तिथं खाली बसतो, अव्वा."

"अगं, सगळी कोडोली ती यादी ऐकायला येणार आहे!"

"मग त्यांना सिनेमा बघावा लागेल."

"शेवटी बारीक अक्षरांत सगळ्यांची नावं येतात, तिथं तरी घाल."

"बावीस मिनिटं? आणि वर्गात पोरांना काय सांगू? आईला घाम फुटत असेल तर कापू नका?"

"माझं राहू दे. तुझ्या दोड्डव्वाला त्याच गावात राहायचंय."

यावर ती म्हणाली, "मी तिला आधी सांगते." 'सांगितलंस का?' म्हणून मी पंधरा दिवसांत अकरा वेळा विचारलं. तिनं सांगितलं नव्हतं. ही मुलगी आठवीत गणितात नापास झाली तेव्हा प्रगतिपुस्तक तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं होतं. त्या डब्यावरही मावशीचंच अक्षर होतं.

रविवारी दुपारी कोडोलीतल्या मंगल कार्यालयात खेळ लागला. खिडक्यांवर मांडववाल्याची कापडं बांधली होती. दोनेकशे माणसं होती. दुकानाशेजारचे हॉटेलवाले आकाराममामा दोन्ही जावयांना घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. ह्यांना बघून ओरडले, "या पावणं, हिकडं बसा! माझं नाव सातवं हाय."

"माझं?" ह्यांनी विचारलं.

"तुमचं आक्कांनी सांगितलं न्हाय बा."

शांतादेवी इरकल नेसून मधोमध बसली होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते.

सिनेमा एकाहत्तर मिनिटांचा. खोटं कशाला बोलू, मला आवडला. बहिणीचे हात मी साठ वर्षं बघतेय, पण एक कळशी मांडीवर घेऊन त्यावर कुणा अनोळखी नवरीचं नाव घालताना ते असे दिसतात, हे मला माहीत नव्हतं. मशीनची टर्र टर्र, मग थांबणं, मग पुन्हा टर्र टर्र. मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यो डबा कवा संपायचा?" काही माणसं उठून गेली. बाकीची मात्र चिकाटीनं बसली होती, कारण नावं अजून यायची होती.

पडदा पांढरा झाला. कुणी हललं नाही.

"पोरी, झालं?" आकाराममामांनी विचारलं.

"झालं, मामा."

"आन नावं?"

पवित्रा प्रोजेक्टरजवळ उभी होती. मला वाटलं, आता लाइट गेली वगैरे काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "काढली. मीच काढली. दोड्डव्वाला आधी सांगणार होते, पण धीर झाला नाही."

मागं आचाऱ्याच्या हातून झारा पडला, तो सगळ्या हॉलला ऐकू आला. हे माझ्या कानात म्हणाले, "चपला कुठं ठेवल्यास?"

शांतादेवी उठली. गुडघे धरत पडद्यापुढं गेली. प्रोजेक्टरचा उजेड तिच्या तोंडावर पडला आणि मागं पडद्यावर हत्तीएवढी सावली. तिनं पवित्राकडं पाहिलंसुद्धा नाही.

"बसा खाली," ती म्हणाली. "कुणी उठायचं न्हाय."

आणि तिनं सुरुवात केली. हातात कागद नाही. दाजी गेले त्या रात्री जीप कुणी काढली, पहिल्या दिवशी दुकानाचं शटर कुणी उचलून दिलं, पहिली कळशी कुणाच्या लेकीसाठी गेली. प्रोजेक्टरवाला उजेड बंद करायला गेला, तर पवित्रानं त्याचा हात धरला. तिची कॅमेऱ्याची पिशवी पायाशीच होती. तिनं ती उघडली नाही.

बावीस मिनिटांत काही आटपलं नाही, कारण लोक मध्ये बोलायला लागले.

"आक्का, जीप माझ्या बाची हुती!"

"व्हय, पर ढकलली कुणी? तुजा बा आत बसलाता."

मामांचं नाव खरंच सातवं आलं. मामा उभे राहिले, चारी बाजूंना नमस्कार केला आणि जावयांकडं वळून बघितलं. जो तो आपल्या नावाला उठत होता. एक म्हातारी नाव आल्यावर रडली आणि शेजारणीचं आल्यावर थांबली.

सगळ्यात शेवटी शांतादेवी म्हणाली, "आन ही माझी भाची. तीन वर्सं दुकानात बसली, एक डबा म्हणून घेतला न्हाय. तुमची समद्यांची नावं कापली हिनं, मला न इचारता. पर माझं हात लई बेस दावलं. तिला कुणी काय बोलायचं न्हाय. बोलायचं ते मी बोलणार हाय, घरात नेऊन." सगळे हसले. आणि खरंच, त्यानंतर तिनं पवित्राला आतल्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं. दहा मिनिटांनी पवित्रा लाल नाक घेऊन बाहेर आली. आत काय झालं, ते दोघी सांगत नाहीत.

परतताना गाडीत पवित्रा म्हणाली, "माझ्या सिनेमात सतरा जण उठून गेले. मी मोजले. तिच्या वेळी एक पण नाही."

"मग घालणार का ती नावं?"

"नाही. कापलं ते बरोबरच होतं. सांगितलं नाही, ते चुकलं."

मलाही तसंच वाटत होतं. तेवढ्यात गाडी चालवता चालवता हे म्हणाले, "कापलं ते बरोबर. पण सुरुवातीची चार मिनिटं पण जास्त आहेत."

पवित्रा मागच्या सीटवरून पुढं वाकली. "कुठली चार?"

"शटर उघडते ती. एवढा वेळ शटर उघडायला लागतोय? मी रोज उघडतो."

"अप्पा, तो वेळच महत्त्वाचा आहे!"

"तेल घाला म्हणावं त्याला."

शिरोलीचा फाटा येईपर्यंत दोघं त्या शटरवरून भांडत होते. तिच्या कामाबद्दल ह्यांनी सोळा वर्षांत काढलेला हा पहिला शब्द.

आता रात्रीचा दीड वाजलाय. हे घोरतायत. वर पवित्राच्या खोलीत तेच शटर पुन्हा पुन्हा वर जातंय, खर्र, मग मध्येच थांबतंय. ती ते कापतेय की ठेवतेय, हे मला खालून कळत नाही. कळेपर्यंत काही झोप यायची नाही.