अ‍ॅडजस्ट शिकवताना

निवृत्त कारकुनाच्या घरी दोनच गोष्टी साठतात, रद्दी आणि किस्से. रद्दी निदान कोणी घेऊन तरी जातं.

आमच्या कॉलनीतल्या भास्करशेठचा विंचूरजवळ कांदा सुकवण्याचा कारखाना उभा राहत होता. मशिन बसवायला चीनहून लिनसाहेब आले. त्यांना इथलं इंग्रजी समजावण्यासाठी शेठनी मला धरलं. साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "अ‍ॅडजस्ट हा शब्द नेमका कधी वापरायचा? इथे सगळे दिवसभर तोच वापरतात."

मी म्हणालो, "एका दिवसाचा धडा नाही तो."

*

जीपमध्ये तिघांच्या सीटवर चौथ्या मावशी आल्या. "दादा, जरा अ‍ॅडजस्ट करा." साहेब अदबीने उभे राहिले आणि टपाला डोकं आपटलं.

मावशी वैतागल्या. "उठाया कोणी सांगितलं? नुसतं सरका ना."

मी समजावलं, "जागा सोडायची नाही. नसलेली जागा करायची."

*

मशिनचा एक पाय डुगडुगत होता. साहेब मोजमापाचं साहित्य आणेपर्यंत फिटर रमेशने खाली पुठ्ठ्याची घडी सारली. "झालं अ‍ॅडजस्ट."

साहेबांनी पुठ्ठा काढला आणि दुपारभर खपून पाय बसवला. रमेश मला म्हणाला, "माणूस चांगला हाय, पण हौस लय."

*

मशिनच्या पूजेला शेठच्या बायकोचा पत्ता नव्हता, त्या देवळ्याला माहेरी गेलेल्या. गुरुजींनी शेठशेजारच्या पाटावर सुपारी ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं.

"हे काय?" साहेबांनी कानात विचारलं.

"शेठच्या बाई."

"चालतं?"

"देवाला चालतं. शेठनाही चाललेलं दिसतंय."

"याला काय म्हणतात?"

"अ‍ॅडजस्ट."

साहेब बराच वेळ त्या सुपारीकडे बघत राहिले.

*

साहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. सुट्टी शेठनीच कबूल केलेली. पण उद्घाटनाला येणाऱ्या पुढाऱ्यांनी तारीख पुढे ढकलली, ती नेमकी लग्नाच्या दिवशी आली.

शेठ म्हणाले, "फोटोत परदेशी इंजिनिअर पाहिजेच. लग्न काय, व्हिडिओ कॉलवर बघा. तेवढं अ‍ॅडजस्ट करा."

बाहेर आल्यावर साहेबांनी मला विचारलं, "हा शब्द नेहमी ऐकणाऱ्यालाच लागू होतो का?"

मी म्हणालो, "आजवरचा वापर तरी तसाच आहे."

*

उद्घाटनाच्या दिवशी मशिन लोण्यासारखं चालत होतं. पुढारी आले, फोटोग्राफर सरसावला. शेठनी माइकवरूनच विचारलं, "अहो, आपले लिनसाहेब कुठे आहेत?"

स्टेजवर त्यांच्या नावाची चिठ्ठी लावलेली खुर्ची होती. सगळा मांडव तिकडे वळला.

खुर्चीवर सुपारी होती. हळदकुंकू लावलेली.