सासूबाईंनी क्रेनचे पाय धुतले

आमच्या सासूबाईंनी क्रेनचे पाय धुतले, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार होतो.

भुसावळजवळ वीजकेंद्राचं काम चालू होतं तेव्हाची गोष्ट. तिथल्या एका कंत्राटदाराच्या भांडारात मी कारकून होतो आणि लग्न नुकतंच झालं होतं. पेरणी तोंडावर आलेली, अशात बोदवडजवळच्या सासुरवाडीहून निरोप आला की सर्जा बैल कोरड्या विहिरीत पडलाय, पण जिवंत आहे. मी साहेबांच्या हातापाया पडून ट्रकवरची नवीकोरी हायड्रॉलिक क्रेन मिळवली. (ओरखडा उठला तर नोकरीवर येऊ नकोस, एवढीच त्यांची अट!)

सासरे, म्हणजे नाना, विहिरीच्या काठावरून हलायला तयार नव्हते. खाली सर्जा मान वर करून त्यांच्याकडेच बघत होता. मी घाबरलो की लोकांना काहीतरी समजावून सांगायला लागतो. समोर सासूबाई होत्या. पंप नळकांड्यात तेल दाबतो, तेलाच्या रेट्याने आतला दांडा बाहेर सरकतो आणि क्रेनचा हात वर उचलतो, असं मी सांगितलं. पण त्याआधी क्रेन बाजूंनी चार पाय काढून जमिनीवर रोवते, नाहीतर ओझ्याने कलंडेल. आपली जमीन काळी, म्हणून पायांखाली जाड फळ्या.

"वहाणाच समजा!" मी म्हणालो. उपमेवर मी फार खूश होतो.

क्रेनचे पाय बाहेर निघाले, खाली मी फळ्या मांडल्या आणि सर्जाच्या पोटाखालून पट्टे नीट बांधले जाताहेत का ते बघायला विहिरीकडे गेलो. क्रेनवाले हिरामणभाऊ वर चढून बसले. तिथून त्यांना पाय दिसत नव्हते. फळ्या आहेत ना, असं त्यांनी विचारलं. मी मागे न बघता छातीठोकपणे "आहेत" म्हणालो.

पाय टेकले, चाकं उचलली गेली, सर्जा हळूहळू वर आला. काठाला त्याची शिंगं दिसली आणि क्रेन विहिरीकडे झुकली! एक पाय चिखलात रुतत होता. हिरामणभाऊंनी आणखी तेल दाबून तो लांब केला, तर तो आणखी खाली गेला. जून महिना, पावसाचा थेंब नाही, मग चिखल आला कुठून? सर्जा हवेत गोल फिरत होता. नाना हात जोडून उभे होते. मी फळ्या शोधत होतो.

"वहाना व्हय? दाराशी ठेवल्या," सासूबाई रिकामी घागर घेऊन म्हणाल्या. "पाव्हना कामाले आला, त्याचे पाय नको धुवाले? अन् पाय धुताना वहाना काहाले?"

हिरामणभाऊंनी सर्जाला हळूहळू पुन्हा खाली सोडलं. क्रेन कोरड्यावर घेतली, फळ्यांवर उभी केली आणि दुसऱ्या खेपेला सर्जा सुखरूप बाहेर आला. नाना त्याच्या गळ्यात पडून रडले. मीही रडलो, पण माझं रडणं निम्मं नोकरीसाठी होतं.

सासूबाई मात्र शिकल्या. अजूनही मी अंगणात आलो की त्या तांब्या घेऊन येतात, आणि मी वाकलो की थांबवतात.

"वहाना राहू द्या पायात, जावाईबुवा. तुमचं वजन वाढलं आता."

तेव्हापासून सासुरवाडीला जाताना मी जुन्याच वहाणा घालतो.