ताकदीची गोळी

गोंदियाच्या दवाखान्यात डाक्टरीण कागद घेऊन बाहेर आली अन् म्हणाली, "बाबाजी, अम्मा के बलगम में कीडे हैं." मग मराठीत सांगितलं, "थुंकीत जिवंत अळ्या आहेत. मायक्रोस्कोपखाली वळवळताना दिसल्या."

मी म्हणलो, "मॅडम, किडा पोटात राहते. थुंकीत कुठून येईन?"

"पोटातूनच आला. अम्मा कोणती गोळी खात होत्या?"

मी खिशातून पाकीट काढून दिलं. तिनं वाचलं अन् माझ्या बाजूले बाकावर बसली. "किती दिवसांपासून?" मी म्हणलो, सहा महिने. डाक्टर बाकावर येऊन बसला की समजावं, गोष्ट हाताबाहेर गेली.

मी चौथी शिकलेला माणूस. माझी बायको अनुसया, डाक्टरणीची अम्मा, कशानं गेली ते लिहून राहिलो, कारण अशी गोळी पुष्कळ घरात खाणं चालू आहे.

आमचं गाव अर्जुनी मोरगावजवळ, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावर. लग्न होऊन आली तेव्हापासून अनुसया दर साली रोवण्याले, म्हणजे धानाची रोपं लावाले, जायची. चप्पल बांधाच्या धुऱ्यावर, पाय चिखलात. पायाले खाज सुटली की हळद-तेल चोपडायची. पोटात जळजळ, कधी पातळ शी. धानाच्या गावात हे कोणाले होत नाही? दवाखान्यात कायले जायचं?

मग तिले दम लागाले लागला. जवळच्या डाक्टरनं रक्त तपासलं. "इओसिनोफिल लई वाढले. ॲलर्जी आहे," म्हणाला. इओसिनोफिल म्हणजे रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी. त्यानं दहा दिवसाची बारीक पांढरी गोळी दिली. ती स्टेरॉइड होती. अंगाची सूज दाबते, अन् अंगाची लढाईही दाबते. हे नाव मी गोंदियात आल्यावर ऐकलं.

आठ दिवसात दम गेला. भूक वाढली. पुन्हा रक्त पाहिलं, इओसिनोफिल खाली. आम्ही खूश. घरात आम्ही त्या गोळीले ताकदीची गोळी म्हणत होतो. अनुसयाचं तोंड गोल झालं. रोवण्यातल्या बाया म्हणत, "का वो अनुसया, बुढा तूप पाजून राहिला का?"

"तूप?" ती म्हणे. "याच्या हातून चहात साखर पडत नाही."

ते तोंड सुजलं होतं. आम्हाले वाटलं, बाई अंगानं भरली.

गोळी बंद केली की दम परत. डाक्टरकडे कोण चकरा मारते? मी औषधाच्या दुकानात रिकामं पाकीट दाखवलं, त्यानं तसंच दुसरं दिलं. चिठ्ठी त्यानं मागितली नाही अन् मी विचारलं नाही. मधात एकदा ती म्हणाली, "मले नको जी आता थे गोळी. पोटात आग पडते."

मी म्हणलो, "चुपचाप खाय. दमानं मरशीन का?" अन् गोळी तिच्या तळहातावर ठेवली. पाणीही मीच दिलं.

दिवाळीनंतर हगवण लागली. पोट फुगलं, ओकारी थांबेना, खोकल्यात रक्त आलं. रेल्वेनं गोंदियाले आणलं. आधी टीबीचा संशय घेतला. टीबीसाठी थुंकी पाहिली अन् किडा निघाला.

त्याचं नाव स्ट्राँगिलॉइडिस. सुतापेक्षा बारीक. ओल्या मातीतून उघड्या पायाच्या कातड्यात घुसते अन् फिरत फिरत आतड्यात जाऊन बसते. त्याची काही पिल्लं बाहेर न पडता आतल्या आत पुन्हा अंगात शिरतात, म्हणून जन्मभर संपत नाही.

डाक्टरीण म्हणाली, "आतडं गप बसत नाही, बाबाजी. शेंबडासारखा चिकट द्रव सोडतं, किड्याला धरू देत नाही, बाहेर ढकलतं. इओसिनोफिल अळ्यांवर तुटून पडतात. किडा मरत नाही, पण दबून राहतो. अम्मांचे इओसिनोफिल वाढले होते ते बहुतेक त्यासाठीच. गोळीनं ते कमी केले, किडे मोकळे सुटले, फुप्फुसात पोचले. आता आतड्यातले जंतूही रक्तात गेलेत."

म्हणजे तिचं अंग लढून राहिलं होतं अन् आम्ही लढाईलेच बिमारी म्हणलो. लढणारे मेले तेव्हा आम्ही खूश झालो.

किड्याचं औषध सुरू केलं, आयव्हरमेक्टिन. तिसऱ्या दिवशी तिले जरा शुद्ध होती. मले म्हणाली, "माही ताकदीची गोळी नाही आणली का जी? थे चुकली म्हणूनच असं झालं."

मी म्हणलो, "आणतो."

सहाव्या दिवशी ती गेली. खरं काय ते तिले सांगणं माझ्यानं झालं नाही.

तेरवीनंतर डाक्टरणीनं माझी शी तपासाले सांगितली. दोनदा काही नाही, तिसऱ्यांदा तोच किडा. मले दोन दिवसाच्या गोळ्या दिल्या. ना ओकारी, ना चक्कर. पुढच्या तपासणीत साफ. लोक म्हणतात, देवाचे आभार मान. मी त्या डाक्टरणीचे मानतो, ती माझ्याशी खोटं बोलली नाही. देवाचं मले विचारू नका.

कोणी स्टेरॉइड लिहून दिलं तर आधी विचारा, पोटातले किडे पाहिले का. एक तपासणी साफ निघाली म्हणून सोडू नका. अन् जो खाऊन राहिला त्यानं आपल्या मनानं बंदही करू नये, तेही घातक आहे. दुकानातून पाकीट दाखवून तर आणूच नका.

यंदा रोवण्यात जाऊन मी बायाईले हेच सांगितलं. एकजण म्हणाली, "बाबाजी, बूट घालून रोवणा होते का?"

होत नाही, मलेही माहीत आहे. म्हणूनच म्हणलो, शी तपासा. त्या तोंडाले पदर लावून हासाले लागल्या. लाज वाटते म्हणे, शीची डबी घेऊन जायची. मलेही वाटली होती. अनुसयाले कोणी डबी दिलीच नाही.