ब्रेकखालचं कलिंगड

सकाळी अकरा वाजून बावीस मिनिटांनी मॅडमनी त्या दिवसाचा एकतिसावा ब्रेक दाबला. स्टिअरिंगवर बँकेतला एक कॅशियर होता. नोटांचं बंडल हातात असलं की तो कधी चुकत नसे, गिअरचा दांडा हातात आला की त्याला एक ते पाच मोजता येत नसे.

"मागे काय दिसतंय?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही."

"आरशात बघितलंत का?"

"नाही."

"मग बरोबर आहे."

मॅडमचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. एक गाडी, एक खोलीचं ऑफिस, आणि त्या ऑफिसात अर्ज, फोन आणि चहा बघणारा नवरा. गाडीत ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसलेल्या मॅडमच्या पायाखाली. दोन्ही खालून एका लोखंडी दांड्याने जोडलेले, त्यामुळे एक दाबला की दुसराही खाली जातो. या दुसऱ्या ब्रेकच्या जोरावर ऑफिसच्या दारावर एक बोर्ड लागला होता: 'एकोणीस वर्षं. एकही अपघात नाही.' दर वर्षी आकडा पुसून नवा रंगवण्याचं काम नवरा स्वतः करी आणि त्या दिवशी जेवताना दोनदा त्याचा विषय काढी. बाकी जाहिरात शून्य. मुलीला गाडी शिकवायची म्हटलं की आईबाप त्या बोर्डाकडे बघून आत येत.

गाडीत मॅडमचा एक नियम होता आणि तो कुणासाठीही वाकत नसे. पायाशी काही ठेवायचं नाही. एका नवऱ्या मुलीच्या उंच टाचांच्या चपला त्यांनी डिकीत टाकल्या होत्या आणि तिला अनवाणी शिकवलं होतं. एका निवृत्त न्यायाधीशांचा जेवणाचा डबासुद्धा डिकीतच बसला. न्यायाधीशांनी अपील केलं नाही.

बाराला दहा कमी असताना कॅशियरला बँकेच्या दारात सोडून मॅडम स्वतः स्टिअरिंगवर बसल्या आणि बस स्टँडवर गेल्या. नणंद येणार होती. मोठी नणंद, वय एकसष्ट, तीन वर्षांनी येत होती, आणि येताना रिकाम्या हाताने यायची सवय नव्हती. तिच्या हातात चार किलोंचं कलिंगड होतं. ती शेजारच्या सीटवर बसली आणि कलिंगड पायाशी ठेवलं.

"वन्सं, ते मागे ठेवूया का?" मॅडम म्हणाल्या.

"राहू दे गं. मागे घरंगळेल."

न्यायाधीशांना जे ऐकवता आलं ते नणंदेला ऐकवता येईना. तीन वर्षांनी आलेलं माणूस, गाडीत बसून अजून मिनिट झालं नाही. मॅडमनी गाडी सुरू केली. एकोणीस वर्षांत नियम मोडला तो या मिनिटाला, आणि मोडला तो मॅडमनीच.

चष्म्याच्या दुकानाच्या कोपऱ्यावर त्या वळल्या तेव्हा वेग फार तर दहाचा होता. वळणावर कलिंगड एकदा हललं आणि शेजारच्या ब्रेकखाली जाऊन बसलं. पुढे एक पांढरी गाडी उभी होती. मॅडमनी ब्रेक दाबला. तो बोटभर खाली गेला आणि अडला. त्यांनी आणखी जोर लावला. कलिंगड जास्त पिकलेलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती की नाही, यावर पुढे बरीच चर्चा झाली. त्या क्षणी मात्र ते दगडासारखं बसलं होतं. हँडब्रेक मॅडमना आठवला तो आवाज झाल्यानंतर.

आवाज दोन झाले. आधी धप्प, मग दिव्याची काच.

"लागलं का?" नणंदेने विचारलं. "कलिंगडाला?"

दुकानातून चष्मेवाला बाहेर आला. पांढरी गाडी त्याची. सहा वर्षांपूर्वी तो मॅडमकडे शिकला होता. टेस्टमध्ये तीनदा नापास झाला, आणि तिन्ही वेळा मॅडमनी त्याला सगळ्यांसमोर एकच प्रश्न विचारला होता: "चष्मे विकता, मग आरशात का बघत नाही?" त्याने आधी आपला चेपलेला बंपर बघितला, मग वाकलेली नंबर प्लेट, मग धडकलेल्या गाडीच्या टपावरची ड्रायव्हिंग स्कूलची पाटी. मग त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि पुन्हा लावला.

"मॅडम? चालवत कोण होतं?"

"मी."

"नक्की? शिकाऊ कोणी नव्हतं?"

"मीच होते. चूक माझी आहे."

लॉटरी लागलेला माणूस तिकिटाचा नंबर पुन्हा पुन्हा तपासतो, तसा चष्मेवाला गाडीभोवती एक चक्कर मारून आला. तोवर समोरच्या सलूनमधून सलूनवाला निघाला होता, त्याच्यामागे गळ्याला टॉवेल आणि अर्ध्या गालाला फेस असलेलं गिऱ्हाईक. दोघंही मॅडमचे विद्यार्थी. त्या रस्त्यावर मॅडमकडे न शिकलेला माणूस शोधावा लागला असता.

"मॅडम," सलूनवाला अदबीने म्हणाला, "आता पहिलं काय करायचं?"

मॅडम दिव्याची काच बघायला वाकल्या.

"इंजिन बंद," फेसवाला म्हणाला.

इंजिन चालूच होतं.

मॅडमचा अकरावा तास गाडीत होत नाही, ऑफिसात होतो. धडक बसल्यावर काय करायचं, हे त्यात शिकवतात आणि न बघता म्हणून घेतात. आज तो रस्त्यावर झाला आणि विद्यार्थी मॅडम होत्या.

"दुसरं?" चष्मेवाल्याने विचारलं.

"धोक्याचे दिवे," मॅडम म्हणाल्या आणि ते लावले.

"तिसरं?"

"कुणाला लागलंय का बघायचं."

"बघितलंत?"

"वन्सं, तुम्हाला लागलं नाही ना?"

"आत्ता विचारतेस होय."

"चौथं. गाडी मागे घेऊ नका, मॅडम, थांबा. फोटो आधी. तुम्हीच म्हणायचात, गाडी हलली की गोष्ट हलली," चष्मेवाला म्हणाला.

फोटो निघाले. सलूनवाल्याने चारही बाजूंनी काढले आणि एकात स्वतःही आला.

"आणि एक सांगू का?" चष्मेवाला म्हणाला. "चूक कुणाची, ते रस्त्यावर बोलायचं नसतं. तुम्ही उतरल्या उतरल्या बोललात. माझे तुम्ही यावर दोन मार्क कापले होते."

"कापा," मॅडम म्हणाल्या.

फोन गेल्यावर नवरा स्कूटरवरून आला तेव्हा पंधरा-वीस माणसं जमली होती आणि नणंद त्यांना हकीकत सांगत होती. तिच्या हकीकतीत गाडीचा वेग एव्हाना साठपर्यंत पोचला होता. नवऱ्याने बायकोला बाजूला घेतलं.

"आपसात मिटवू. बंपर आपण करून देऊ. विमा कंपनीत नोंद झाली की झाला तो अपघात. बोर्डाचं काय?"

"मी कुणाला सांगणार नाही," चष्मेवाला म्हणाला. आपला विमा गेल्याच आठवड्यात संपला, हे त्याला कागद काढल्यावर समजलं होतं, त्यामुळे त्यालाही घाई होती.

"मीही नाही," सलूनवाला म्हणाला.

यावर सगळा रस्ता हसला. सलूनवाल्याने आजवर न सांगितलेली गोष्ट कुणाला आठवेना.

"नाहीतर असं करा," नणंद म्हणाली. "मी शिकत होते म्हणून सांगा. गाडी शिकवायचीच आहे ना? शिकणारीने ठोकली. तुझं नाव कुठे येतच नाही."

नवऱ्याला ते पटलं. चष्मेवाल्यालाही पटलं. मॅडमना एवढंच दिसत होतं की तसं झालं तर अकरावा तास पुन्हा कुठल्या तोंडाने घ्यायचा. त्यांनी विमा कंपनीला फोन लावला. पलीकडे एक बाई होती.

"धडक कशामुळे झाली?"

"कलिंगडामुळे."

"रस्त्यावर पडलं होतं?"

"गाडीत होतं. ब्रेकखाली."

पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला.

"पॉलिसी ड्रायव्हिंग स्कूलची आहे. गाडीत आणखी कोण होतं? शिकाऊ उमेदवार?"

नवरा मान जोरजोरात खाली-वर करत होता. नणंदेनेही स्टिअरिंग धरल्यासारखे दोन्ही हात पुढे केले होते.

"नणंद होती," मॅडम म्हणाल्या. "पाहुणी. शिकत नव्हती. स्टँडवरून घरी नेत होते."

"असं लिहिलं तर नुकसानभरपाई मंजूर होईलच असं नाही, मॅडम."

"असंच लिहा."

"सर्व्हेअर उद्या दहा वाजता येईल. गाडी बाजूला लावा, पण त्याने बघेपर्यंत चालवू नका. आणि ती वस्तू जपून ठेवा."

मॅडम वळल्या. नणंदेने चष्मेवाल्याच्या काउंटरवर कलिंगड कापलं होतं आणि आठ माणसं पुरावा खात होती. फेसवाल्याच्या फेसाला लाल कड आली होती.

"चांगलं निघालं," नणंद म्हणाली. "मी काय म्हणत होते?"

मॅडमनी सालींचे फोटो काढले.

संध्याकाळी नवऱ्याने स्क्रू काढून बोर्ड उतरवला. स्क्रू एका वाटीत जपून ठेवले. मॅडम फोनवर होत्या. उद्याच्या विद्यार्थ्यांना त्या एकेकाला स्वतः सांगत होत्या, बाहेरून कळण्याआधी: गाडी मी ठोकली, नियम मी मोडला, दुसरीकडे शिकायचं असेल तर उरलेले पैसे परत. असे सहा फोन झाले. पहिली दोघं हसली. तिसरीच्या आईने फोन घेतला आणि सगळं ऐकून विचारलं, "स्वतः सांगताय?" आणि मुलीचा तास कायम ठेवला. चौथा म्हणाला की घरी विचारून सांगतो. पाचवी कलिंगडावर अडली आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. सहावा कॅशियर.

"तुमच्याकडून होतं म्हणजे," तो म्हणाला आणि थांबला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे मला उद्या जरा बरं वाटेल."

"आरशात बघितल्याशिवाय वाटणार नाही."

चौथ्याचा फोन साडेनऊपर्यंत आला नाही. मॅडमनी वहीत उद्याचं पान लिहिलं. दहाच्या आधीचे, साडेसहा, सव्वासात आणि आठचे तास गाडीत नाहीत, ऑफिसात, खुर्च्यांवर. तिन्ही तासांना विषय एकच, अकरावा. दहाला सर्व्हेअर.