टोकन मशीनच्या वरताण हाका

स्क्रीनवर माझाच घसा दिसत होता. लॅरिंगोस्कोपी चालू होती, म्हणजे नाकातून बारीक दुर्बीण घालून केलेली तपासणी. ओल्या गुलाबी धुक्यात दोन पांढरट पट्ट्या उघडत-मिटत होत्या.

"व्होकल नोड्यूल्स," डॉक्टर म्हणाले. "स्वरतंतूंना घट्टे पडलेत. कॅन्सर नाही. पण ओरडणं थांबवलं नाही, तर आवाज असाच फाटका राहील."

मी भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर कारकून. टोकन मशीन आलं तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या मीच वाजवल्या होत्या. वाटलं, आता घसा घरच्यांसाठी उरेल. पण मशीन गोड आवाजात आकडे सांगायचं आणि म्हातारी माणसं पंख्याकडे बघत बसायची. मग मी उठून मशीनच्या वरताण, गावाच्या नावानं हाक मारायचो, "ओ कोंढ्याच्या आजी." आजी लगेच उठायच्या. मला त्याची केवढी ऐट.

जवाहरनगरच्या फॅक्टरी कॉलनीतल्या क्वार्टरवर पोचेपर्यंत आवाजाचा भुसा झालेला असायचा. आठ वर्षांची चिऊ गोष्ट मागायची. मी घोगऱ्या आवाजात म्हणायचो, उद्या.

बायको म्हणायची, "मशीन बोलून राहिली ना, मंग तुमी कायले बोंबलता? तिचा पगार तुमाले भेटते का?"

डॉक्टरांनी व्हॉइस रेस्ट दिली, म्हणजे पूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही, त्यानं घशाला ताणच पडतो. रजा टाकली. जग जणू तळ्याच्या तळाशी गेलं. कुकरची शिट्टी, फॅक्टरीची बस, बायकोच्या बांगड्या, सगळं दुरून तरंगत यायचं. डोळा लागला की टोकनचे लाल आकडे मासोळ्यांसारखे पोहायचे. आणि मनात एकच भीती: आवाज नाहीच आला, तर चिऊला बापाचं काय आठवेल? 'उद्या'?

एका संध्याकाळी तीच उशाशी बसली. "बाबा, आज मी सांगते. एका तळ्यात माशांचा दवाखाना होता." तिथला डॉक्टर म्हणे खेकडा. मला दहा ठिकाणी टोकायचं होतं. टोकता येईना, म्हणून मुकाट ऐकलं.

पुढे स्पीच थेरपी झाली, म्हणजे श्वासावर बोलायची शिकवणी. आवाज आला, जरा खरखरीत. आता खिडकीमागून उठून मी आजींच्या खांद्याला हात लावतो. पाय दुखतात, घसा वाचतो. तुमचाही आवाज दोन-तीन आठवडे बसलेला असेल, तर नुसतं हळदीचं दूध पीत बसू नका. दाखवा.

बोलायची परवानगी मिळाली त्या दिवशी ऐटीत म्हणालो, "चिऊ, ऐक. एक होता राजा."

"थांबा ना बाबा," ती म्हणाली. "माशांची कुठं संपली अजून? तुमी फक्त हूं म्हणा."

"हूं," मी म्हणालो. बऱ्या झालेल्या आवाजाला याहून चांगलं काम मला अजून सुचलेलं नाही.